विद्यासुंदरी बंगळूर नागरत्नम्मा : म्हैसूरच्या बंद दारापासून तिरुवैयारूपर्यंत

दरवर्षी पौष वद्य पंचमीला तामिळनाडूतील तिरुवैयारू या गावी कावेरीच्या काठी शेकडो गायक-वादक एकत्र येतात आणि संत त्यागराजांची पंचरत्न कीर्तने एका सुरात गातात. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या प्रक्षेपणामुळे हा आराधना सोहळा देशभरातील श्रोत्यांच्या परिचयाचा झाला आहे. या मेळाव्यात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसतात, गातात. यात आज कोणालाच काही वावगे वाटत नाही. मात्र शंभर वर्षांपूर्वी याच ठिकाणी स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. ज्या स्त्रीने स्वतःच्या कमाईतून त्यागराजांची समाधी बांधली, तिलाही नव्हती. म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे जन्मलेल्या या स्त्रीचे नाव बंगळूर नागरत्नम्मा. पित्याने टाकलेली आणि गुरूने शिकवणे नाकारलेली एक मुलगी विदुषी कशी झाली, याची ही कहाणी आहे.

नंजनगूड येथील जन्म

नंजनगूड हे म्हैसूरच्या दक्षिणेस, कपिला नदीच्या तीरावरील तीर्थक्षेत्र. श्रीकंठेश्वराच्या मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे. येथे ३ नोव्हेंबर १८७८ रोजी नागरत्ना हिचा जन्म झाला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी समाजातील होत्या. महाराष्ट्रात देवदासी म्हटले की वेगळे चित्र डोळ्यांसमोर येते. दक्षिणेतील देवदासींचे जीवन मात्र मंदिर आणि राजदरबार या दोन्हींशी जोडलेले होते. गायन, नृत्य आणि काव्य ही त्यांची परंपरागत विद्या होती. इतर घरांतील स्त्रियांना अक्षरओळखही दुर्मीळ असताना या समाजातील मुली लिहायला-वाचायला शिकत. मालमत्तेचा वारसाही मुलींकडे जात असे. गोव्यातील कलावंत समाजाशी या परंपरेचे काही अंशी साम्य आहे.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजू कठोर होती. देवाशी लग्न लागलेल्या स्त्रीला लौकिक पती नसे. तिचा आश्रयदाता तिच्या घरी येई आणि त्याच्या मर्जीवर घराचा बराचसा योगक्षेम अवलंबून राही. त्याने पाठ फिरवली तर दाद मागण्यास जागा नसे आणि मुलांना पित्याचे नाव मिळत नसे. पुट्टलक्ष्मी यांच्या वाट्याला हेच आले. सुब्बराव नावाचे वकील हे नागरत्नाचे पिता. मुलगी लहान असतानाच त्यांनी या मायलेकींशी संबंध तोडला. चरितार्थाचे साधन उरले नाही आणि मुलीचे पुढे काय होणार, हा प्रश्न आईसमोर उभा राहिला.

अशा घरातील मुलीचे भवितव्य बहुधा ठरलेले असे. ती वयात आली की एखादा धनिक आश्रयदाता शोधायचा आणि आईचे आयुष्य तिने पुन्हा जगायचे. पुट्टलक्ष्मी यांनी यातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग जाणला, तो विद्येचा. मुलीला असे शिक्षण द्यायचे की तिला कोणाच्या मर्जीवर जगावे लागू नये, या निर्धाराने त्या लेकीला घेऊन म्हैसूरला आल्या.

म्हैसूरमधील विद्याभ्यास

त्या काळी म्हैसूर शहर नव्या उत्साहाने भारलेले होते. सुमारे पन्नास वर्षांच्या ब्रिटिश प्रशासनानंतर १८८१ मध्ये संस्थानाचा कारभार वडियार घराण्यातील दहावे चामराज यांच्या हाती परत आला होता. महाराज विद्येचे आणि संगीताचे चाहते होते. वीणावादक शेषण्णा यांच्यासारखे कलावंत दरबारात होते. मुलींच्या शिक्षणासाठी शहरात शाळा सुरू झाली होती.

याच शहरात गिरिभट्ट तिम्मय्या नावाचे संस्कृत आणि संगीताचे विद्वान राहत. दरबारातही त्यांना मान होता. त्यांनी मायलेकींना आश्रय दिला आणि नागरत्नाला शिष्या म्हणून स्वीकारले. तिची बुद्धी तीव्र होती. थोड्याच वर्षांत तिने संस्कृतात चांगली गती मिळवली. देवदासीच्या मुलीने नृत्य-गायन शिकण्यात नवल नव्हते. तिने संस्कृतात प्रावीण्य मिळवावे आणि पंडितांच्या पाठांतराशी बरोबरी करावी, हे मात्र अनेकांना रुचले नाही. तिच्याविषयी असूया वाढू लागली आणि शेवटी गुरूंचेही मन पालटले. नागरत्ना जेमतेम नऊ-दहा वर्षांची असताना तिम्मय्यांनी तिला शिकवणे बंद केले. मायलेकींचा आश्रय दुसऱ्यांदा गेला.

पित्याने टाकले तेव्हा ती अजाण होती. या वेळी मात्र तिला सारे समजत होते. अपमान सहन करून म्हैसूरमध्ये राहायचे आणि मिळेल त्या आश्रयदात्याच्या दारी जायचे, हा सोपा मार्ग आईपुढे होता. तो त्यांनी नाकारला. मुलगी विदुषी म्हणून मान मिळवण्यास योग्य होईल तेव्हाच या नगरीत परत यायचे, असा निश्चय करून पुट्टलक्ष्मी यांनी म्हैसूर सोडले, असे नागरत्नम्मांचे चरित्रकार सांगतात.

बंगळूर आणि त्यागराजांची परंपरा

पुढील काळ भटकंतीचा होता. चांगल्या गुरूच्या शोधात आईने मुलीला घेऊन अनेक ठिकाणी प्रवास केला. या दिवसांत पुट्टलक्ष्मी यांचे बंधू वेंकटस्वामी अप्पा यांचा मोठा आधार झाला. ते व्हायोलिनवादक होते. अखेर बंगळूर येथे त्यांना हवा तो गुरू मिळाला. त्यांचे नाव मुनिस्वामप्पा. वालाजापेटच्या कृष्णस्वामी भागवतरांकडून त्यांनी संगीत शिकले होते. कृष्णस्वामींचे वडील वेंकटरमण भागवतर हे साक्षात त्यागराजांचे शिष्य. अशा रीतीने नंजनगूडची ही मुलगी त्यागराजांच्या शिष्यपरंपरेत येऊन दाखल झाली. जिला पित्याचे नाव लावता आले नव्हते, तिला आता गुरुपरंपरेचे नाव सांगता येऊ लागले. पुढील सारे आयुष्य तिने या नात्याला वाहिले.

गायनाबरोबर व्हायोलिन, नृत्य आणि भाषांचा अभ्यासही सुरू राहिला. कन्नड आणि संस्कृतबरोबर तिने तेलुगूवर प्रभुत्व मिळवले. त्यागराजांची कीर्तने तेलुगूत असल्याने अर्थ जाणून गाणाऱ्याला ही भाषा आलीच पाहिजे, असा त्या परंपरेचा आग्रह होता. थोडे इंग्रजीही ती शिकली.

ही साधना सुरू असतानाच, नागरत्ना किशोरवयात असताना, पुट्टलक्ष्मी यांचे निधन झाले. लेकीने मिळवलेला मान पाहण्यासाठी आई राहिली नाही. नागरत्नाने शिक्षण सोडले नाही. पंधराव्या वर्षी तिने जाणकार श्रोत्यांपुढे पहिल्यांदा कला सादर केली.

दरबारात सन्मान

त्यानंतर लवकरच म्हैसूरच्या राजवाड्यातून तिला बोलावणे आले. तिची कला आणि संस्कृतावरील अधिकार पाहून महाराज प्रसन्न झाले आणि दरबारातील कलावंतांमध्ये तिला स्थान मिळाले. ज्या शहरातून आई तिला घेऊन निघून गेली होती, त्याच शहरात ती सन्मानाने परतली. आईचा निश्चय आईच्या पश्चात पूर्ण झाला.

हे सुख फार काळ टिकले नाही. डिसेंबर १८९४ मध्ये चामराज वडियार यांचे कलकत्ता येथे अकाली निधन झाले. नागरत्नम्मा बंगळूरला परतल्या. त्रावणकोर, बोब्बिली, विजयनगरम अशा संस्थानांतही त्यांचे कार्यक्रम होत. म्हैसूर संस्थानातील न्यायाधीश नरहरी राव यांनी त्यांना आश्रय दिला. कर्नाटक संगीताचे केंद्र आता संस्थानी दरबारांकडून मद्रासकडे सरकत आहे, हे ओळखून त्यांनी नागरत्नम्मांना तेथे जाण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. १९०३ मध्ये त्या मद्रासला गेल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचवीसच्या आत होते.

मद्रासमध्ये तिकीट लावून मैफली होऊ लागल्या होत्या. व्यापारी आणि वकील मंडळी संगीताचे नवे आश्रयदाते झाले होते. ग्रामोफोनही नुकताच आला होता. नागरत्नम्मांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या. दक्षिण भारतातील असंख्य गावांत त्यांनी मैफली केल्या आणि आपल्या कार्यक्रमांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या. घर, दागिने, बँकेतील ठेवी हे सारे त्यांनी गाण्याच्या बळावर मिळवले. आईने पाहिलेले स्वावलंबनाचे स्वप्न प्रत्यक्षात उतरले होते.

तंजावरच्या मराठा दरबारातील कवयित्री

यानंतरच्या घटनेचा मराठी इतिहासाशी निकटचा संबंध आहे. व्यंकोजीराजांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठा राज्यात १७३९ ते १७६३ या काळात प्रतापसिंह राजे गादीवर होते. त्यांच्या दरबारात मुद्दुपळणी नावाची विदुषी होती. तीही देवदासी परंपरेतील होती. राधा आणि कृष्ण यांच्या प्रेमावर तिने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू शृंगारकाव्य रचले. स्त्रीच्या इच्छेला त्यात मानाचे स्थान आहे. आपल्या काव्याच्या आरंभी तिने आजी आणि आत्या यांच्या नावाने आपला विद्येचा वारसा सांगितला आहे.

मद्रासमध्ये नागरत्नम्मांच्या वाचनात या काव्याचा उल्लेख आला आणि त्यांनी ते मिळवले. १८८७ मध्ये निघालेली एक छापील प्रत त्यांच्या हाती पडली. पुढे त्यांना मूळ हस्तलिखितही मिळाले. दोन्ही ताडून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले की छापील आवृत्तीतून बराच मजकूर गाळला आहे. कवयित्रीने आपल्या घराण्यातील स्त्रियांविषयी लिहिलेला भागही त्यात नव्हता. त्या काळातील थोर समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळणीचा उल्लेख हेटाळणीच्या सुरात केला होता. स्त्रीने लिहू नये आणि ऐकूही नये असे या काव्यात बरेच आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

नागरत्नम्मांनी संपूर्ण काव्य संपादित केले आणि मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाने ते १९१० मध्ये प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत त्यांनी वीरेशलिंगम यांच्या आक्षेपाला थेट उत्तर दिले. पुरुष कवींच्या याहून उघड शृंगारवर्णनांना विद्वान मान्यता देतात, खुद्द वीरेशलिंगम यांनीही असे काव्य तपासून पसंत केले आहे, मग केवळ कवी स्त्री आहे म्हणून वेगळा न्याय का, असा त्यांचा सवाल होता. शालीनता ही फक्त स्त्रियांनीच पाळायची गोष्ट आहे काय, असेही त्यांनी विचारले. एका देवदासीने नामवंत सुधारकाला असे जाहीरपणे विचारावे, हे त्या काळी धाडसाचे होते.

परिणाम लवकरच दिसला. सरकारने पुस्तक अश्लील ठरवले. १९११ मध्ये पोलिसांनी प्रती जप्त केल्या आणि पुस्तकावर बंदी आली. अनेक तेलुगू पंडितांनी बंदीविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. ही बंदी १९४७ मध्ये मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री टंगुटूरी प्रकाशम यांच्या पुढाकाराने उठली आणि १९५२ मध्ये काव्याची नवी आवृत्ती निघाली. आज मुद्दुपळणी भारतीय स्त्री-साहित्याच्या इतिहासातील महत्त्वाची कवयित्री मानली जाते. तिचे नाव टिकले, त्याचे मोठे श्रेय नागरत्नम्मांना जाते.

समाधीचा जीर्णोद्धार

त्यागराजांनी ६ जानेवारी १८४७ रोजी तिरुवैयारू येथे देह ठेवला. त्यांच्या समाधीवर एक साधे वृंदावन होते. वार्षिक आराधनेस लोक येत, मात्र एरवी त्या जागेकडे फारसे लक्ष दिले जात नसे. १९२१ मध्ये वृद्ध मुनिस्वामप्पा यांनी समाधीची दुरवस्था आपल्या शिष्येला पत्राने कळवली. नागरत्नम्मांचे वय तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षाजवळ आले होते. गुरूंचे पत्र त्यांनी आज्ञा मानले. समाधीच्या जागेचा प्रश्न त्यांनी सोडवला आणि स्वतःच्या पैशातून मंदिर बांधण्याचे ठरवले. २७ ऑक्टोबर १९२१ रोजी बांधकामास आरंभ झाला आणि ७ जानेवारी १९२५ रोजी मंदिराची प्रतिष्ठा झाली. या कामात त्यांची आयुष्यभराची कमाई मोठ्या प्रमाणात खर्ची पडली.

आराधनेचे आयोजन मात्र पुरुषांच्या हाती होते. त्यांच्यात दोन पक्ष पडले होते. एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत होते. स्त्रियांनी, आणि त्यातही देवदासींनी, समाधीपुढे गाऊ नये, असे दोघांचेही म्हणणे होते. मंदिर बांधणाऱ्या नागरत्नम्मांना त्याच मंदिरात गाण्यास मज्जाव झाला. म्हैसूरमध्ये एका गुरूने दार लावले, तेव्हा आईने त्यांना घेऊन गाव सोडले होते. या वेळी त्यांनी जागा सोडली नाही. त्यांनी स्त्री कलावंतांना एकत्र केले आणि मंदिराच्या मागील बाजूस स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. दोन पक्षांच्या जोडीला आता स्त्रियांचा तिसरा पक्ष उभा राहिला. त्यात दूरदूरच्या गावांहून गायिका येऊ लागल्या आणि श्रोत्यांचीही गर्दी होऊ लागली.

हा प्रकार अनेक वर्षे चालला. १९४० च्या सुमारास वाटाघाटी होऊन तिन्ही पक्ष एकत्र आले आणि एकच आराधना होऊ लागली. त्या वेळी स्त्रियांना पुरुषांबरोबर गाण्याचा हक्क मिळाला. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या नागरत्नम्मांना तो क्षण पाहता आला.

कायद्याविषयीचा वाद

नागरत्नम्मांच्या आयुष्यातील एक भूमिका आजही विचार करायला लावते. म्हैसूर संस्थानाने १९०९ मध्ये मंदिरांतील देवदासींची सेवा बंद केली. मद्रास प्रांतात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९२७ पासून विधिमंडळात देवदासी प्रथा बंद करण्याचा प्रश्न लावून धरला. त्यांची आई देवदासी समाजातील होती आणि मुलींची या प्रथेतून सुटका व्हावी ही त्यांची तळमळ खरी होती. मद्रासमधील देवदासींच्या संघटनेच्या प्रमुख म्हणून नागरत्नम्मांनी या प्रस्तावाला विरोध केला.

दोघी एकाच समाजातून वर आल्या होत्या, पण त्यांनी पाहिलेले मार्ग वेगळे होते. डॉ. रेड्डी यांना ती प्रथा मुलींचे बालपण हिरावणारी वाटत होती. सरसकट बंदी आली तर या स्त्रियांची कला, शिक्षण आणि मालमत्तेचा हक्कही जाईल व पदरी फक्त कलंक उरेल, अशी भीती नागरत्नम्मांना वाटत होती. देवदासींना शिक्षण द्यावे, कला जोपासू द्यावी, असा त्यांच्या संघटनेचा आग्रह होता. १९४७ मध्ये मद्रासमध्ये कायदा झाला आणि प्रथा बेकायदा ठरली. मुलींना बळजबरीने या वाटेवर ढकलणे थांबले, हे त्याचे मोठे यश होय. त्याच वेळी ज्या स्त्रियांनी संगीत व नृत्य शतकानुशतके जपले, त्या हळूहळू रंगमंचावरून बाजूला पडल्या, हेही नाकारता येत नाही.

अखेरचा काळ

आयुष्याच्या उत्तरार्धात नागरत्नम्मा मद्रास सोडून तिरुवैयारू येथेच राहू लागल्या. साधे राहणीमान, रोजची पूजा आणि गायन हा त्यांचा नित्यक्रम झाला. त्यागराजांच्या एकशे आठ नावांची संस्कृत नामावली त्यांनी रचली. ‘विद्यासुंदरी’ या बिरुदाने त्या ओळखल्या जात. आपली उरलेली संपत्ती त्यांनी समाधीच्या सेवेसाठी विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. तेथे स्त्रियांना, त्यांत देवदासींनाही, पूजा आणि गायन करण्याचा हक्क अबाधित राहावा, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली.

१९ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यागराजांच्या समाधीजवळच त्यांचे स्मारक उभारण्यात आले आणि तेथील त्यांची मूर्ती समाधीकडे तोंड करून आहे.

नंजनगूडजवळून वाहणारी कपिला तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीला मिळते आणि तीच कावेरी पुढे तिरुवैयारूच्या घाटावरून जाते. नागरत्नाचा प्रवासही याच दोन टोकांमधला. आराधनेच्या दिवशी पंचरत्न कीर्तनांना सुरुवात होते, तेव्हा त्या घाटाजवळ गाणाऱ्यांत अनेक तरुण मुली असतात. त्यांतील कोणालाही गाण्यासाठी मंदिराच्या मागील बाजूस जावे लागत नाही.